घोडबंदर रोडची घरगुती डबा सेवा : वेळेवर येतो का, ते ११४ दारं वाजवून बघितलं

गेलं सव्वा वर्ष आमच्याकडे यांचा दुपारचा डबा आहे, एकच, आईंसाठी म्हंजे माझ्या सासूबाईंसाठी. मी आणि हे सकाळी आठला घर सोडतो, मुलगी कॉलेजात, आणि आई एकट्या घरी. त्यांना शुगर आहे, जेवणाआधीची गोळी आहे, त्यामुळे घरचं वाटेल असं जेवण ठरल्या वेळेला दाराशी येणं ही आमची गरज आहे, हौस नाही. म्हणून हा रिव्ह्यू मोठा होणारे, ज्यांना फक्त चव विचारायचीये त्यांनी पुढचा एक परिच्छेद वाचला तरी चालेल.

चव चांगली आहे, खरंच चांगली. स्टीलचा तीन ताळी डबा, खालच्या ताळात आमटी किंवा कढी, मधे भाजी, वर पोळ्या, आणि पोळ्यांच्या खाली सुती फडक्याची घडी, त्यामुळे वाफेने पोळी ओली होत नाही. हे फडकं रोज धुतलेलं असतं, मी वास घेऊन बघते. तेल बेताचं, आमटीला चिंच-गूळ मोजका, शुगरवाल्यांचा डबा सांगितला तर गूळ घालतच नाहीत आणि झाकणावर मार्करने फ्लॅट नंबरशेजारी एक हिरवा ठिपका काढतात. गुरुवारची डाळिंब्यांची उसळ तर आई दुपारी खाऊन संध्याकाळी मला सांगतात, आज डाळिंब्या छान सोलल्या होत्या गं, एक साल नव्हतं. भात मात्र कधीकधी गोळा होतो. बास, जेवणाबद्दल एवढंच.

आता वेळेबद्दल. यांच्या पत्रकावर पहिल्याच ओळीत छापलंय, ‘दहापैकी नऊ घरांना डबा वेळेवर’. आम्ही वाघबीळच्या बाजूला राहतो, किचन वर्तकनगरला, मधे मानपाडा, पातलीपाडा आणि मेट्रोचं काम, त्यामुळे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होणार हे कुणालाही कळतं. पण पावसाळ्यानंतर एका मंगळवारी आईंनी साडेबाराला गोळी घेतली आणि डबा आला एक वीसला. मधल्या वेळात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, शेजारच्या काकूंनी साखरेचं पाणी दिलं म्हणून निभावलं. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, ठाणे स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षात बसून काय काय मनात आलं ते लिहीत नाही. त्या रात्री मी एक स्टार देऊन चार ओळी खरडणार होते, लिहूनही झालं होतं, पण माझ्या नवऱ्याने विचारलं, आपल्याकडे उशीर होतो का सगळ्यांकडेच होतो? आणि मला खरंच माहीत नव्हतं. मी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स केलंय, ठाण्याच्याच कॉलेजात, वीस वर्षं झाली, त्यानंतर अकाउंट्समधेच आहे, पण हा प्रश्न म्हंजे आमच्या तिसऱ्या वर्षाच्या पेपरातला हमखास येणारा प्रश्न, एका प्रमाणाबद्दलचा दावा खरा मानायचा का नाही.

आधी सोप्पा मार्ग केला. सोसायटीच्या ग्रुपवर पोल टाकला, डबा वेळेवर येतो का, हो किंवा नाही. ४१ जणांनी मत दिलं, त्यात १९ हो. म्हंजे निम्म्याहून कमी, ग्रुपवर लगेच सुरू झालं, बघा, नव्वद टक्के म्हणे, बंद करा यांना. मी तो आकडा घेऊन डबेवाल्या ताईंकडे गेले. ताई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, नऊ घरं मी मनाने नाही छापलं, मीपण विचारलंय लोकांना.” आणि त्यांनी फोनमधे दाखवलं, त्यांनी ग्राहकांना मेसेज पाठवला होता, त्याला ६० उत्तरं आली होती, ५४ जण वेळेवर म्हणत होते. ५४ भागिले ६०, बरोब्बर ९० टक्के. दोघींकडे आकडे, दोघी खऱ्या बोलतोय, आणि आकडे एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत.

यातली गोम अशी की दोन्हीकडे लोकांनी स्वतःहून उत्तर दिलंय. ग्रुपच्या पोलवर कोण बोट लावतं? ज्याचा डबा काल उशिरा आला तो. शिवाय पोलवर डबा न घेणारेही मत देऊन जातात. आणि ताईंच्या मेसेजला कोण उत्तर देतं? ज्याचं ताईंशी चांगलं आहे तो, नाराज माणूस मेसेज बघून गप्प बसतो किंवा दुसरा डबा लावतो. अमेरिकेत १९३६ साली एका मोठ्या साप्ताहिकाने अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी साधारण एक कोटी कार्डं पाठवली, २४ लाखांच्या आसपास परत आली, इतक्या उत्तरांवरून त्यांनी लँडन नावाचे उमेदवार जिंकणार म्हणून छापलं आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते फोनच्या याद्यांतून आणि गाडीवाल्यांच्या याद्यांतून उचललेले, आणि कार्ड परत पाठवणारे पुन्हा त्यातले ठरावीकच. २४ लाख उत्तरं घेऊनही चुकले, मग माझ्या ४१ आणि ताईंच्या ६० वर काय बोलणार.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे मला हे शेतावरून जास्त पटतं. आमच्याकडे नजरअंदाज पैसेवारी असते, म्हंजे उभं पीक बघून यंदा किती येईल ते ठरवायचं, आणि मग पीक कापणी प्रयोग असतो, ज्यात शेतातला कुठला तुकडा कापायचा ते चिठ्ठीसारखं आकड्यांवरून ठरतं, कुणाच्या पसंतीवर नाही, आणि मग तेवढ्या तुकड्यातलं धान्य कापून, मळून, वजन करतात. रस्त्याकडेचं तरारलेलं पीक बघितलं की डोळा फसतो, आकड्याने निवडलेला तुकडा फसत नाही. ही पद्धत आपल्या देशात शिस्तीने बसवणाऱ्यांमधे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्याच बुधचे, १९११ चा जन्म. कोलकात्याला १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढणारे महालनोबिस यांच्याशी त्यांचा मोठा वादही झाला होता, कापायचा तुकडा केवढा असावा यावरून. तुकडा लहान घेतला तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उतारा उगाच फुगतो, असं सुखात्म्यांचं म्हणणं. कॉलेजात असताना सरांनी हे सांगितलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता, आणि अजूनही वाटतो. तर ग्रुपवरचा पोल म्हंजे नजरअंदाज, आणि मला हवा होता कापणी प्रयोग.

ताईंना सांगितलं, मला यादी द्या, नावं नकोत, फोन नंबर नकोत, नुसते फ्लॅट नंबर. त्यांनी दिली, याबद्दल त्यांना मी मनापासून मानते, कारण निकाल त्यांच्या विरुद्ध जाऊ शकतो हे त्यांना कळत होतं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या सहा विंग मिळून ३१२ घरं यांचा दुपारचा डबा घेतात. मग आम्ही तिघींनी, ताई, मी आणि सोसायटीच्या कमिटीवरच्या एक काकू, चहा घेत बसून सगळं आधी ठरवलं आणि कागदावर लिहून सह्या केल्या. आधी ठरवणं फार महत्त्वाचं, नाहीतर आकडे बघून मग आपल्याला हवा तसा नियम लावता येतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘वेळेवर’ म्हंजे काय यावर. ताई म्हणत होत्या एकच्या आत, मी म्हणत होते साडेबारा, शेवटी पाऊण ठरलं, पाऊण वाजायच्या आत डबा दाराशी. आणि सोमवार ते शनिवार सहा दिवसांतले निदान पाच दिवस असं झालं तर ते घर ‘वेळेवर’ धरायचं, एखाद्या दिवशी रस्ता तुंबला तर तो ताईंचा गुन्हा नाही. प्रश्नही लिहून ठेवला, ‘मागच्या सोमवार ते शनिवार किती दिवस डबा पाऊणच्या आत आला?’, उत्तर शून्य ते सहा. पहिल्या संध्याकाळी आमच्या काकूंनी दोन दारांत विचारलं, तुमच्याकडेपण उशीरच होतो ना हो? समोरचा माणूस हो म्हणणारच ना, भिडेपोटी. ती दोन उत्तरं आम्ही फाडून टाकली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने परत जाऊन लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा वाचला.

आता गणित, घाबरू नका, घरांच्या भाषेत सांगते. सुरुवात ताईंवर विश्वास ठेवून करायची, म्हंजे दावा खरा आहे, प्रमाण ०.९० आहे, याला नल हायपोथिसिस म्हणतात, शून्य गृहीतक. समोरचं गृहीतक, प्रमाण ०.९० पेक्षा कमी आहे. मला जास्त असलं तर काही तक्रार नाही म्हणून एकाच बाजूची टेस्ट, आणि हेही आधीच ठरवलेलं. मग विचारायचं, दावा खरा असता तर मला मिळाले तेवढे कमी ‘हो’ नुसत्या योगायोगाने मिळण्याची शक्यता किती? ती पाच टक्क्यांच्या खाली गेली तरच दावा नाकारायचा. इथे दोन प्रकारे चुकता येतं. एक, ताई खऱ्या असताना त्यांना खोटं पाडणं, त्यांच्याकडे कामाला बायका आहेत, त्यांच्या पोटावर पाय येतो. दोन, उशीर खरंच होत असताना आपण सगळं ठीक म्हणून सोडून देणं, त्याची किंमत आमच्या आईंनी त्या मंगळवारी मोजलीये. पहिल्या चुकीला पाच टक्क्यांचं कुंपण घातलं. दुसरीसाठी घरं पुरेशी हवीत, म्हणून मी असं धरलं की खरं प्रमाण ८० टक्क्यांवर आलेलं असेल तर ते दहातल्या नऊ वेळा तरी आपल्या हाती लागलं पाहिजे, त्याचं उत्तर आलं १०२ घरं. काही दारं बंद असणार म्हणून १२० घेतली.

३१२ चिठ्ठ्या आईंनी स्वतः केल्या. दोन दुपारी बसून, वहीचे कागद एकाच मापाचे कापून, एकसारख्या चार घड्या. त्यांना मी सांगितलं होतं की घडी लहानमोठी झाली तर हाताला कळतं, तर त्यांनी पट्टी घेऊन मापं घेतली. पुरणाच्या मोठ्या पातेल्यात घालून क्लबहाऊसमधे ताईंसमोर हलवल्या आणि खेळायला आलेल्या मुलांकडून एकेक करून १२० काढून घेतल्या. एक्सेलमधेही होतं हे दोन मिनिटांत, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं की नंतर कुणी म्हणत नाही तुमच्या ओळखीची घरं घेतली.

चार संध्याकाळी फिरलो. बंद दाराला तीनदा गेलो, कारण जी घरं सहज उघडतात तेवढीच घेतली तर नोकरी करणारी घरं गळतात आणि परत तीच नजरअंदाज पैसेवारी. तरी सहा घरं मिळालीच नाहीत. ११४ उत्तरं आली. लोकांना नीट आठवतं का ही शंका होती म्हणून गेटवरच्या रजिस्टरमधल्या डबेवाल्या दादांच्या एन्ट्रीच्या वेळा त्या आठवड्याच्या लिहून घेतल्या, साधारण जुळत होत्या.

११४ पैकी ९४ घरं वेळेवर. म्हंजे ८२.५ टक्के. आता इथे ग्रुपवरचे लोक म्हणाले, बघा नव्वद नाहीये, संपलं. आणि ताईंच्या बाजूचे म्हणाले, साडेब्याऐंशी आणि नव्वदमधे काय एवढा फरक, चार घरं इकडची तिकडे. दोघांनाही थांबवलं. दावा खरा असता तर ११४ घरांत सरासरी १०२.६ ‘हो’ यायला हवे होते. चिठ्ठ्या कुठल्या निघतात त्यावर थोडं खालीवर होणारच, किती होणार त्याचं माप म्हंजे ११४ गुणिले ०.९ गुणिले ०.१ चं वर्गमूळ, ते येतं ३.२ घरं. म्हंजे तीनेक घरांचा फरक रोजचा, सहा घरांचा क्वचित. आम्हाला मिळाली ८.६ घरं कमी, त्या मापाच्या जवळजवळ २.७ पट. हीच ती झेड व्हॅल्यू, उणे २.६८, आणि एका बाजूच्या टेस्टला पाच टक्क्यांची रेघ उणे १.६४५ वर असते, तिच्या आपण बरंच पलीकडे. झेडच्या तक्त्यात बघितलं तर पी व्हॅल्यू, म्हंजे योगायोगाची ती शक्यता, हजारात चारच्या आत. नव्वद टक्क्यांसारखं टोकाचं प्रमाण असलं की तक्ता जरा घाई करतो म्हणून एक्सेलमधे बायनॉमियलने, म्हंजे तक्त्याच्या अंदाजाऐवजी थेट मोजून, पण काढून बघितलं, शंभरात एकाच्या आसपास येतं, तरी पाचच्या खूप खाली. बरेच जण इथे एक चूक करतात, ते माप काढताना आलेलं ८२.५ वापरतात, पण आपण दावा खरा धरून हिशोब करतोय तर माप पण ०.९ वरूनच काढायचं. आणि तक्ता वापरायचा असेल तर ११४ ची दहा टक्के म्हंजे ११.४, हा आकडा दहाच्या वर असावा लागतो, तो आहे. माझ्या ग्रुपवरच्या पोलमधे तो ४.१ होता, म्हंजे तिथे हा तक्ता लावायचीच सोय नव्हती, आणि चिठ्ठ्या नव्हत्या हे त्याहून मोठं कारण.

ताईंनी एक प्रश्न फार चांगला विचारला. “ती सहा घरं मिळाली नाहीत, ती सगळी माझ्या बाजूची असली तर?” मी तिथेच करून दाखवलं. सहाच्या सहा वेळेवर धरली तर १२० पैकी १००, झेड उणे २.४३, तरीही दावा टिकत नाही. शिवाय यादी मुळात ३१२ चीच, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त घरं आपण विचारली, त्यामुळे खरी अनिश्चितता वरच्या मापापेक्षा कमीच आहे, ती दुरुस्ती केली तर ११४ घरांची झेड उणे ३.३६ पर्यंत जाते. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पत्रक बदलते मी. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला.

पण दावा नाकारला म्हंजे डबा वाईट असं होत नाही, आणि खरं प्रमाण किती तेही त्यातून कळत नाही. त्याच्यासाठी पट्टा काढला, म्हंजे खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असू शकतं ते, ९५ टक्के खात्रीचा, तो आला साडेपंच्याहत्तर ते साडेएकोणनव्वद. म्हंजे वाईटात वाईट धरलं तरी चारातली तीन घरं वेळेवर आहेत, ग्रुपवरचा पोल सांगत होता तशी परिस्थिती नव्हतीच. ज्यांनी पोल बघून डबा बंद केला त्यांनी घाई केली असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मी उशिराची वीस घरं बाजूला काढून त्यांचे फ्लॅट नंबर मांडले. पंधरा ई आणि एफ विंगची. या दोन विंगमधली ३८ घरं चिठ्ठीत आली होती, त्यातली २३ च वेळेवर, आणि बाकी चार विंगमधली ७६ पैकी ७१ वेळेवर, म्हंजे ९३ टक्के. पुढच्या विंगवाल्यांसाठी पत्रक खरंच खरं होतं! हे आम्ही आधी ठरवून तपासलेलं नव्हतं, आकडे आल्यावर दिसलं, म्हणून याला मी निकाल म्हणणार नाही, धागा म्हणेन. पण धागा धरून गेलो. मी एक दिवस रजा काढून दादांबरोबर फिरले. बारा दहाला टेम्पो गेटवर. ए, बी, सी, डी सव्वाबारा ते बारा पस्तीस. मग मागच्या बाजूला, म्हंजे ई आणि एफला, जायला आमच्या सोसायटीचं मागचं गेट बंद, म्हणून क्रेट हातात घेऊन अख्खं गार्डन वळसा घालून जायचं. तिथे डिलिव्हरीवाल्यांना सर्व्हिस लिफ्टच वापरायची सक्ती, ती एकच, आणि त्याच वेळेला कामाच्या बायका, कुरिअर, पाण्याचे जार. मी घड्याळ लावून बसले, ई विंगच्या खाली दादा चौदा मिनिटं लिफ्टची वाट बघत उभे होते, चाळीस डब्यांचं क्रेट पायाशी, आणि दर दोन मिनिटांनी वाकून वरच्या डब्याला हात लावून बघत होते, गरम आहे का.

ते बघितल्यावर हा रिव्ह्यू फक्त डबेवाल्यांवर लिहिणं मला जमणार नाही. अर्धा उशीर आमच्या सोसायटीचा आहे. कमिटीला सगळे कागद दाखवले, गेट बारा ते एक उघडं ठेवायचं ठरलं, डबेवाल्या दादांना त्या तासाला मेन लिफ्ट दिली, आणि ताईंनी मागच्या दोन विंगसाठी वेगळा मुलगा लावला. त्याच्यासाठी महिन्याला शंभर रुपये वाढवलेत, मला मान्य आहेत.

दीड महिन्याने परत मोजलं, नव्या चिठ्ठ्या, परत १२०, प्रश्न तोच, नियम तेच. काही घरं दोन्ही वेळा आली, चिठ्ठीच ती. यावेळी ११६ मिळाली, त्यातली १०७ वेळेवर, ९२.२ टक्के. दावा खरा असता तर १०४.४ अपेक्षित, आपल्याला त्याहून जास्तच आले, म्हंजे नाकारायचा प्रश्नच नाही. ताईंचा फोन आला, म्हंजे आता सिद्ध झालं ना मॅडम? मी म्हटलं, सिद्ध नाही हो ताई, आत्ताच्या आकड्यांवरून तुमचा दावा खोटा म्हणता येत नाही एवढंच, पट्टा साडेसत्त्याऐंशीच्या जवळ सुरू होतो आणि सत्त्याण्णवला संपतो, म्हंजे खरं प्रमाण अठ्ठ्याऐंशी पण असू शकतं. पण एक गोष्ट खात्रीने सांगता येते, आधीपेक्षा सुधारलंय. दोन वेळची प्रमाणं एकमेकांशी तपासली, फरक पावणेदहा टक्क्यांचा, झेड २.२३, काही सुधारणा झालीच नसती तर एवढी वाढ नुसत्या चिठ्ठ्यांच्या योगाने दिसण्याची शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास. ताईंनी नवीन पत्रकावर ‘दहापैकी नऊ’ परत छापलं, पण खाली बारीक अक्षरात छापलंय, पाऊण वाजायच्या आत, आठवड्यातले निदान पाच दिवस. डब्याच्या पत्रकावर अशी ओळ मी आजवर कुठे बघितली नव्हती.

तर माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो भाताचा अर्धा, आणि अर्धा यासाठी की उशीर होणार असेल तर अजूनही फोन करत नाहीत, रस्ता तुंबला तर ताईंनी बारा वाजताच एक मेसेज टाकावा, घरी गोळी घेणारी माणसं आहेत, त्यांना गोळी थांबवता येते. हे त्यांना दोनदा सांगितलंय. आईंच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही आता असं केलंय की डबा हातात आल्याशिवाय गोळी घ्यायचीच नाही, बाकी ज्यांच्या घरी अशी गोळी असेल त्यांनी आपापल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

एफ विंगच्या एका आजोबांचं म्हणणं आहे की शनिवारी अजून एक वाजतो. दुसऱ्या मोजणीत जी नऊ घरं उशिराची आली त्यात त्यांचं घर नव्हतं, चिठ्ठीतच आलं नव्हतं. शनिवारची एन्ट्री मी गेटवर वेगळी लिहून ठेवायला सांगितलीये, आणि ३१२ चिठ्ठ्या आईंनी परत घड्या घालून बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्यात.